सदतीस फेऱ्या

मोठी गाडी घ्यायचं ठरवल्यावर चष्मेवाल्याने आधी सहा महिने अभ्यास केला. वहीत रकाने आखले: किती पळते, किती पिते, चढावर दम टाकते का, तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाचे पाय कसे मावतात. सात शोरूम पालथी घातली. बायको म्हणाली, लग्नाला हो म्हणताना तुम्ही याच्या निम्माही विचार केला नव्हता.

शेवटी एक गाडी पक्की झाली. सात माणसांची, राखाडी रंगाची. हे त्याने घरात जाहीर केलं तेव्हा त्याचा साडू समोरच बसला होता. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा गुरांचा डॉक्टर होता आणि चार गल्ल्या सोडून राहायचा. त्याने वही उघडली, दोन पानं चाळली आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही एवढा अभ्यास केलाच आहे, तर मी वेगळा कशाला करू? मीही हीच घेतो."

आणि घेतली. रंगसुद्धा तोच.

आयत्या बिळावर नागोबा, असं चष्मेवाला मनात म्हणाला. पण खरी ठेच पुढेच होती. शोरूमच्या मॅनेजरचं कुत्रं डॉक्टरांच्या औषधावर होतं, त्यामुळे डॉक्टरांची गाडी चार दिवस आधी आली. नव्या गाडीत सासऱ्यांचं पहिलं पाऊल पडलं ते धाकट्या जावयाच्या. चार दिवसांनी मोठ्या जावयाची गाडी दारात उभी राहिली, तेव्हा ते आत बसले, इकडेतिकडे पाहिलं आणि कौतुकाने म्हणाले, "हो, हो. अगदी तशीच आहे."

हे वाक्य चष्मेवाल्याच्या घशात वर्षभर अडकून राहिलं.

आपली गाडी तशी नाही, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. त्याने ती तळहाताच्या फोडासारखी जपली. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक काढू दिलं नाही. पायाखाली वर्तमानपत्र अंथरलं. बसण्याआधी चपला दोनदा झटकायच्या, आत काही खायचं नाही, पाणी प्यायचं तर गाडी थांबल्यावर. आपल्या चष्म्याच्या दुकानासमोर, काचेतून दिसेल अशा जागी तो ती उभी करायचा आणि वर खोळ घालायचा. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवतानाही त्याची एक नजर रस्त्यावर असायची. संध्याकाळी चष्म्याच्या काचा पुसायच्या पिवळ्या मऊ फडक्याने तो गाडीचे आरसे पुसायचा. उन्हाळ्यात ते प्लास्टिक मांड्यांना चिकटायचं, आणि जरा जोरात ब्रेक लागला की सासरे सीटवरून घसरत पुढे यायचे. पुढच्या वेळी मग, मला जरा बरं वाटत नाहीये, तुम्ही जाऊन या, असं म्हणायचे.

गाडी घेऊन तीन महिने झाले असतील. एका लग्नाहून परतताना वळणावळणाच्या रस्त्यावर त्यांच्या मुलीला उलटी झाली. मुलगी दहा वर्षांची; मिळेल ती वस्तू कोनाकोपऱ्यात साठवून ठेवायची म्हणून तिला सगळे खारू म्हणायचे. चष्मेवाल्याने गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडलं, मोबाइलचा उजेड सीटवर पाडला, प्लास्टिकच्या कडा बोटाने चाचपून पाहिल्या आणि म्हणाला, "वाचली."

बायको खारूला रस्त्याच्या कडेला धरून तिचं तोंड धूत होती. तिने विचारलं, "कोण?"

"सीट," तो म्हणाला.

ती परत खारूचं तोंड धुऊ लागली. पण त्यानंतर मायलेकींचं बाहेर जाणं हळूहळू मावशीच्या गाडीतून होऊ लागलं. कारणंही रास्त असायची. रविवार म्हणजे दुकानात सगळ्यात गर्दीचा दिवस, चष्मेवाला हलू शकत नसे. डॉक्टरांना मात्र रविवारीही कुठून तरी बोलावणं यायचंच. गाय अडली, घोड्याचा पाय सुजला, मेंढ्या तापाने फणफणल्या. ते जाताना बायकोला बरोबर घ्यायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मावशी वाटेत खारूला उचलायची, खारूबरोबर तिची आई जायची, आणि बरं न वाटणारे सासरे तिथे मात्र टुणटुणीत असायचे.

संध्याकाळी सगळे लाल झालेल्या तोंडांनी परतायचे. खारू दारातूनच सुरू व्हायची: घोडा कसा शिंकला, काकांचा बूट चिखलात कसा रुतून बसला. चष्मेवाला ऐकून घ्यायचा आणि शेवटी एकच विचारायचा, गाडीत काय काय सांडलं? ती हौसेने यादी सांगायची. त्याला बरं वाटायचं. डॉक्टरांच्या गाडीच्या डाव्या दाराला पोचा पडला होता, मागच्या बंपरवर कुठल्याशा बैलाने शिंग घासलं होतं, आत कुत्र्यांचे केस आणि औषधांचा वास. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या राहिल्या की तो मुद्दाम दोन पावलं मागे सरकून पाहायचा. जुळ्या बहिणींतली एक राणी झाली आणि दुसरी मोलकरीण, असं त्याला वाटायचं. पण राणीत बसायला कुणी तयार नव्हतं आणि मोलकरणीत जागेसाठी भांडणं व्हायची.

वर्ष झालं तेव्हा तो गाडी सर्व्हिसिंगला घेऊन गेला. तिथली सुपरवायझर बाई अंगाने आडवी आणि बोलायला सरळ होती. तिने आकडा पाहिला, चार हजार एकशे बारा किलोमीटर, आणि बॉनेट उघडून त्याला जवळ बोलावलं. इंजिनाच्या एका कोपऱ्यात उंदराचं घरटं होतं. वायरींचं वेष्टण, वर्तमानपत्राचे कपटे, आणि या सगळ्यावर त्याच्याच पिवळ्या फडक्याचं मऊ अंथरूण.

"उंदरांना उभी गाडी फार आवडते," बाई म्हणाली. "बॅटरी उतरत आलीय, ब्रेकला गंज धरलाय, वायरिंग तर बरंच खाल्लंय. अहो, गाडी वापरा. अशीच एक राखाडी मागच्या आठवड्यात आली होती, जनावरांच्या डॉक्टरांची. एकतीस हजार झालेत. बाहेरून बघवत नाही, पण इंजिन सुरू केलं की ऐकत राहावं."

चष्मेवाल्याने ते माझे साडू आहेत, असं सांगितलं नाही.

वायरिंगला चार दिवस लागणार होते आणि बुधवारी त्याला एका शाळेत मुलांचे डोळे तपासायला जायचं होतं. काचांची मोठी पेटी, तक्ता, दिव्याचं यंत्र, एवढं सामान रिक्षात मावण्यासारखं नव्हतं. बायकोने बहिणीला फोन केला आणि अर्ध्या तासात डॉक्टर किल्ली घेऊन हजर झाले. दोन दिवस मी मोटरसायकलवर फिरेन, तुम्ही अगदी निवांत वापरा, असं म्हणून त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. उंदरांची हकीकत त्यांनी गंभीरपणे ऐकली. हसले नाहीत. हसले असते तर चष्मेवाल्याला जरा बरं वाटलं असतं.

बुधवारी सकाळी तो त्या गाडीत बसला. आधी नाक मुरडलं, मग निघाला, आणि दोनशे पावलांत त्याला कळलं की ही गाडी आपल्या गाडीहून चांगली चालते. क्लच लोण्यासारखा. गिअर बोटाने ढकलावा इतका हलका. सीटला बसून बसून माणसाचा आकार आला होता आणि त्या आकारात पाठ आपोआप विसावत होती. वहीतल्या रकान्यांत त्याने जे जे शोधलं होतं ते सगळं या गाडीत उतरलं होतं, आणि ती त्याची नव्हती.

सिग्नलला थांबल्यावर त्याने समोरचा कप्पा उघडला. आत सासऱ्यांचा चष्मा होता. तो त्यानेच बनवून दिला होता. हा जास्तीचा, हाताशी असू द्या, असं सांगून दिला होता आणि सासऱ्यांनी तो हाताशी म्हणजे इथे ठेवला होता. मागच्या सीटवर एक निळी उशी होती. ती त्याच्या घरातली होती. महिनाभर तो ती शोधत होता आणि बायको म्हणत होती, असेल कुठेतरी. दाराच्या खाचेत तिचा केसांचा चाप, आरशाला तिचा गॉगल. मागच्या दाराच्या कप्प्यात खारूचा खजिना होता: पिसं, खडे, घोड्याच्या नालेचा खिळा, एक वाळलेली गोगलगाय. स्वतःच्या गाडीत त्याने कधी एक कागदाचा कपटाही पडू दिला नव्हता, आणि त्याचं घर मात्र सगळं इथे सांडलं होतं.

शाळेच्या आवारात त्याने सामान काढायला मागचं दार वर उचललं. दाराच्या आतल्या बाजूला, फिक्या रंगाच्या पट्टीवर, काळ्या मार्करने काहीतरी लिहिलेलं होतं. अक्षर खारूचं होतं. वरून खाली आकडे घातलेले.

१. धरणापर्यंत. मावशी, काका, मी.
५. आई पण आली. उलटी झाली नाही.
११. आजोबांनी तीच गोष्ट दोनदा सांगितली. आम्ही दोनदा हसलो.
१६. वासरू झालं. मी पाहिलं. पाय आधी आले.
१९. आईने गाणं म्हटलं. पूर्ण.

तो तिथे थांबला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बायको स्वयंपाक करताना गुणगुणायची. पुढे ते कधी बंद झालं, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. पूर्ण गाणं तर त्याने कधीच ऐकलं नव्हतं. कुठलं गाणं होतं, तेही मुलीने लिहिलं नव्हतं.

२६. आईने गाडी चालवली!! (बाबांना सांगायचं नाही.)
२७. जाताना काका, येताना आई.
२८. आई.
२९. आई.

अशा सदतीस फेऱ्या होत्या. प्रत्येकीत तीन, चार नाहीतर पाच माणसं. एकीतही तो नव्हता. होता तो फक्त कंसात.

शाळेचे मास्तर बोलवायला आले तोवर तो तसाच उभा होता. त्या दिवशी त्याने एकशे चाळीस मुलं तपासली. अक्षरं वाचून घेतली, काचा बदलून बदलून विचारलं, आता बरं की आधी बरं? हात सवयीने चालत होते. डोक्यात एकच चाललं होतं. आपल्या बायकोने डॉक्टरांच्या शेजारी बसून गिअर टाकला असेल. चुकला असेल तेव्हा ते हसले असतील. तीही हसली असेल. त्याच्या गाडीच्या किल्लीला तिने एकदा सहज हात लावला होता, तेव्हा तो म्हणाला होता, ठेव, तुला नाही जमायचं. आणि तिने ठेवली होती. वाद न घालता ठेवली होती, याचंच आता त्याला वाईट वाटत होतं.

परतताना वाटेत वॉशिंग सेंटर लागलं. उसनी आणलेली वस्तू परत देताना स्वच्छ करून द्यावी, हे रीतीला धरून होतं. आतून-बाहेरून धुवा, असं त्याने तिथल्या माणसाला सांगितलं. कप्पे रिकामे करायला सांगितले. तो माणूस कामाला चोख होता. केस, चिखल, डाग, सगळं निघालं. मागचं दार उघडल्यावर मात्र त्याने हाक मारली.

"साहेब, हे मुलांनी लिहिलेलं दिसतंय. काढू की राहू दे?"

चष्मेवाल्याने तिकडे पाहिलं नाही. "काढा," तो म्हणाला.

पक्की शाई होती, निघायला वेळ लागला. त्या माणसाने कसलंसं औषध लावून वरून खाली घासलं. चष्मेवाला बाकावर बसून राहिला. आपण चांगलं काम करतोय, असं तो मनाशी म्हणत होता, आणि आपण काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी त्याने गाडी डॉक्टरांच्या दारात लावली. डॉक्टर बाहेर आले, गाडीभोवती एक फेरी मारली, अहो एवढं कशाला, आता जनावरं मला ओळखणार नाहीत, असं म्हणाले. मग औषधांची बॅग ठेवायला त्यांनी मागचं दार उचललं आणि बॅग हातातच धरून ते थांबले. त्यांची बायको मागून आली होती. तिने त्या रिकाम्या पट्टीवरून एकदा बोट फिरवलं.

"इथं एक यादी होती," डॉक्टर म्हणाले.

"वॉशिंगवाल्याने काढली असेल," चष्मेवाला म्हणाला. "माझं लक्ष नव्हतं."

"असू दे," डॉक्टर म्हणाले आणि बॅग आत ठेवली.

घरी बायकोला बातमी आधीच पोचली होती. जेवणं झाली. खारू अभ्यासाला आत गेल्यावर तिने विचारलं, यादी वाचली होती का? तो म्हणाला, वरवर. मग स्वतःच पुढे म्हणाला, तू गाडी शिकतेस ते मला का सांगितलं नाही?

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

तो विचार करू लागला. खरंच काय म्हणालो असतो, हे त्याला चांगलंच ठाऊक होतं, आणि तिलाही.

"तेच," ती म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

खारूला दुसऱ्या दिवशी कळलं. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं की पक्क्या शाईचं होतं ते आपोआप कसं निघालं? आणि माझ्या कप्प्यातल्या वस्तू कुठे आहेत? तो म्हणाला, बघतो. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. हो. नाही. झालं. काही नाही. शाळेत काय झालं, काही नाही. तिच्या बडबडीला तो कधी कधी कंटाळायचा. आता जेवताना चमच्यांचा आवाज ऐकू येत होता.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडण्याआधी तो वॉशिंग सेंटरला गेला. परवाचा कचरा कुठे आहे, विचारलं. त्या माणसाने सांगितलं, कचऱ्याची गाडी घेऊन गेली. मग म्हणाला, "काल एक बाईही हेच विचारायला आल्या होत्या. ती अक्षरं कुणी काढायला सांगितली, असंही विचारत होत्या. मी सांगून टाकलं, साहेबांनीच सांगितलं. खोटं कशाला बोलू?"

चष्मेवाला दुकानात आला आणि दिवसभर काचेतून रस्त्याकडे पाहत बसला. तिथे आता गाडी उभी नव्हती. दार वाजलं की त्याला वाटायचं, मेहुणी आली.

ती शनिवारी दुपारी आली. चष्म्याचा स्क्रू सैल झाला होता, काडी लटकत होती. तिने चष्मा काढून काउंटरवर ठेवला आणि स्टुलावर बसली. तिचा नंबर मोठा होता. चष्म्याशिवाय समोरचा माणूस तिला धूसर दिसायचा. त्याने बारीक पेचकस घेतला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "आमची गाडी तुमच्या डोळ्यांत खुपते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. खुपू दे. आम्हाला त्याचं काही नाही. पण खारूच्या हातचं आमच्याकडे तेवढंच होतं. तुमच्या घरात भिंतीभर आहे."

तो स्क्रू फिरवत राहिला.

"रविवारी संध्याकाळी तिला तुमच्या दारात सोडलं ना, की हे गाडी सुरू करायला वेळ लावतात. उगाच आरसा बघतात, पट्टा नीट करतात. मी विचारत नाही कशाला ते. ती तुमच्या जिन्यावरून वर जाताना दिसते तोवर आम्ही तिथेच असतो. मग आम्ही घरी जातो. दहा वर्षांत मी तुमच्याकडे बघून कधी एका शब्दाने तरी बोलले का?"

"नाही," तो म्हणाला.

"मग तुम्हाला काय कमी पडलं होतं?"

त्याने चष्मा खाली ठेवला. "मीच काढायला लावली," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"वाचून. सगळी वाचून, मग काढायला लावली."

"हे माहीत नव्हतं," ती म्हणाली. तिने हात पुढे केला, चष्मा घेतला, काडी उघडून मिटून पाहिली आणि डोळ्यांवर न लावताच, हातात धरून, निघून गेली. जाताना पायरी चाचपडत उतरली. तो तिला धरायला उठला, पण काउंटरला वळसा घालून येईपर्यंत ती रस्त्यावर पोचली होती.

त्या संध्याकाळी त्याने खारूला समोर बसवून खरं काय ते सांगितलं. शाई आपोआप निघाली नव्हती, वस्तू हरवल्या नव्हत्या, सगळं मीच केलं. तिने विचारलं, का? तो म्हणाला, मला राग आला होता. कुणाचा? तो म्हणाला, सगळ्यांचा. तुम्ही सगळे तिथे होता म्हणून. तिने मान हलवली. कळलं म्हणून की नाही कळलं म्हणून, ते त्याला समजलं नाही. मग ती उठून खेळायला गेली.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "उद्या मी आलो तर चालेल का?"

"दुकान?"

"बंद ठेवतो."

"मागे बसावं लागेल," ती म्हणाली. "बाकीच्या जागा ठरलेल्या आहेत."

रविवारी सकाळी राखाडी गाडी दारात आली. चार दिवसांत ती पुन्हा मळली होती. डॉक्टर उतरून डावीकडे जाऊन बसले आणि बायको, जणू रोजचंच आहे अशी, वळसा घालून स्टिअरिंगमागे जाऊन बसली. तिने सीट पुढे ओढली, आरसा आपल्या डोळ्यांपुरता वळवला. मधल्या रांगेत सासरे, मेहुणी आणि त्यांच्यामध्ये खारू. मेहुणीने त्याच्याकडे पाहून मान हलवली, त्यापेक्षा जास्त काही नाही. तो वाकून तिसऱ्या रांगेत शिरला. शेजारी औषधांची पेटी, पायाशी बादली आणि दोरखंड. सासरे मागे वळून म्हणाले, "या, या. बरं झालं आलात," आणि लगेच मेहुणीला कालच्या दाढदुखीची राहिलेली हकीकत सांगू लागले.

गावाबाहेर पडल्यावर रस्ता अरुंद झाला. बायको चांगली चालवत होती. खड्डा दिसला की आधीच वेग कमी करायची, वळणावर हॉर्न द्यायची, गिअर बदलल्याचा आवाजही मागे येत नव्हता. इतकं सगळं तिला कुणीतरी शिकवलं होतं. कुणीतरी तिच्याशेजारी सदतीस नाही तरी दहा-बारा रविवार बसून, न ओरडता, क्लच हळू सोड म्हणालं होतं. त्या माणसाची मान आता एका बाजूला कलली होती. डॉक्टर झोपले होते. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर, पट्टा छातीवर आडवा. एखादं लहान मूल आईच्या गाडीत झोपतं तसे. चष्मेवाल्याने तेरा वर्षांच्या संसारात कितीतरी गोष्टींचा हेवा केला होता, पण असा कधी केला नव्हता. त्याच्या बायकोच्या हाती जीव देऊन हा माणूस बिनघोर झोपू शकत होता, आणि तो स्वतः मागे बसून समोरच्या सीटची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून होता.

पुढे एक पूल आला, जेमतेम एका गाडीचा. बायको पुलावर चढली आणि समोरून ट्रॅक्टर चढला, मागे चाऱ्याने भरलेली ट्रॉली. चष्मेवाल्याचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला. थांब, मागे घे, डावीकडे घे, सगळं एकदम त्याच्या जिभेवर आलं. सासऱ्यांची दाढ चालूच होती. मेहुणी हो हो करत होती. डॉक्टर घोरत होते. बायकोने गाडी थांबवली, मान वळवली, मागे पाहिलं, त्याच्यावरून नजर पार काचेबाहेर नेली, आणि सरळ रेषेत सावकाश गाडी पुलावरून मागे घेतली. ट्रॅक्टर हात दाखवून निघून गेला. ती परत पुलावर चढली.

त्याने दातांवर दात दाबून ठेवले होते. ते सोडले तेव्हा जबडा दुखला.

खारू सीटवर गुडघे टेकून मागे वळली होती आणि हनुवटी सीटच्या पाठीवर ठेवून त्याच्याकडे बघत होती. ती केव्हापासून बघत होती कोण जाणे.

"घाबरलास?" तिने विचारलं.

"हो."

"पहिल्यांदा आजोबापण घाबरले होते," ती म्हणाली. "याच पुलावर. ते तर ओरडले होते."

तीन दिवसांत ती त्याच्याशी बोललेलं हे पहिलं लांब वाक्य होतं. त्याने मान हलवली. घाबरण्यातसुद्धा सासऱ्यांचा नंबर आधी लागला होता, हे त्याला जरा लागलंच. पण तो म्हणाला, "मग पुढे काय झालं, सांग," आणि औषधांची पेटी बाजूला सरकवून पुढे वाकला.